मधेच डोळा लागलेल्यांसाठी

रात्रीचे अडीच वाजले होते. नाटकाचा दुसरा अंक संपत आला होता आणि मी रंगमंचाकडे पाठ करून लोक मोजत होतो.

नागभीड तालुक्यातलं आमचं गाव. भाऊबीज झाली की आमच्या भागात मंडया, म्हणजे गावजत्रा, सुरू होतात. दिवसा मंडई, दंडार, पाहुणे-राऊळे, सोयरिकीच्या गोष्टी. आणि रात्री नाटक. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया हा सगळा धानाचा आणि जंगलाचा पट्टा, म्हणजे झाडीपट्टी. दिवाळीपासून होळीपर्यंत इथे रात्री झोपायच्या नसतात. गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा हे या नाटकांचं मुख्य ठाणं. तिथल्या कंपन्या आज या गावात, उद्या त्या गावात करत सगळा हंगाम फिरतात. पडदा उघडायला दहा-साडेदहा होतात आणि पडतो तेव्हा पूर्वेकडे फटफटलेलं असतं.

तर मी मोजत होतो. कनातीच्या आत, जमिनीवर तणस टाकून त्यावर लोक बसले होते. माझ्या पुढच्या-मागच्या चार ओळींत ६२ माणसं होती. त्यातली १९ झोपलेली. त्यात पोरंसोरं जास्त, पण चार-पाच बाप्येही होते, तोंडावर दुपट्टा घेऊन. सहा जणांच्या हातात फोन. आठ-दहा जागा रिकाम्या, पण त्यावर चादर किंवा चपला ठेवलेल्या, म्हणजे माणूस चहाला किंवा शेकोटीला गेलेला. दोन बाया आपसात कुणाच्या तरी लग्नाचं बोलत होत्या. उरलेले स्टेजकडे पाहत होते.

मोजायचं कारण माझा भाचा. तो नागपुरात छोटे व्हिडिओ तयार करणाऱ्या एका ऑफिसात काम करतो. मंडईसाठी आला होता. दुपारी जेवताना मी त्याला रात्रीच्या नाटकाचं सांगितलं, सात तासांचं आहे म्हटलं, तर तो ताटावरून हात उचलून माझ्याकडे बघत राहिला.

"मामा, आता कोणी इतकं बसत नाही. आमच्याकडे पहिले तीन सेकंद मोजतात. तीन सेकंदांत पकडलं नाही तर गेला माणूस. लोकांचं लक्षच आठ सेकंदांवर आलंय. माशाचं नऊ असते."

तो हे दुःखानं सांगत होता, फुशारकीनं नाही. त्याला लिहायला आवडतं हे मला ठाऊक आहे. अकरावीत असताना त्यानं मला चाळीस पानांची एक कथा पाठवली होती.

हा आठ सेकंदांचा आकडा मी याआधीही ऐकला होता, एका शिक्षक प्रशिक्षणात. समोरच्या पडद्यावर सोनेरी मासा होता आणि खाली लिहिलं होतं, मासा ९, माणूस ८. सभागृहातल्या आम्ही सगळ्यांनी तो वहीत उतरवून घेतला. मी पुढे तो पालकसभेतही सांगितला. नंतर त्याचा माग काढला तेव्हा मला स्वतःची लाज वाटली. मायक्रोसॉफ्टच्या कॅनडातल्या शाखेनं २०१५ साली जाहिरातदारांसाठी एक अहवाल काढला होता. २००० साली १२ सेकंद असलेलं माणसाचं लक्ष २०१३ मध्ये ८ वर आलं, असं त्यात होतं. तो आकडा त्यांनी मोजला नव्हता, आकडेवारी गोळा करणाऱ्या एका संकेतस्थळावरून उचलला होता. २०१७ मध्ये बीबीसीच्या एका पत्रकारानं तो धागा धरून मागे मागे जाऊन पाहिलं, तर शेवटी हाती काहीच लागलं नाही. ना माणसावरचा प्रयोग, ना माशावरचा. माशाबद्दल तर उलटच आहे. शास्त्रज्ञ स्मरणशक्तीच्या प्रयोगांसाठी गोल्डफिश वापरतात, कारण त्याच्या लक्षात राहतं.

मी पालकांसमोर उभा राहून त्यांच्या लेकरांबद्दल खोटं बोललो होतो. नकळत, पण बोललो होतो.

तरी काहीतरी बदललंय हे कुणीही सांगेल. मोजलेलंही आहे. कॅलिफोर्नियातल्या ग्लोरिया मार्क या संशोधक बाई वीस वर्षं एकच गोष्ट मोजत आल्या आहेत: संगणकावर काम करणारा माणूस एका पडद्यावरून दुसऱ्यावर जायच्या आधी किती वेळ थांबतो. २००४ मध्ये त्या हातात स्टॉपवॉच घेऊन लोकांच्या मागे बसल्या तेव्हा सरासरी अडीच मिनिटं आली होती. २०१२ मध्ये ७५ सेकंद. त्यानंतरच्या वर्षांत ४७ सेकंदांच्या आसपास. हा आकडा खरा आहे आणि तो वाचून मी बराच वेळ गप्प बसलो. पण त्यानं मोजलं काय? माणूस कितीदा उठून जातो ते. त्याला बसता येतं की नाही, ते या आकड्यात नाही.

बसता येतं की नाही याचीही एक जुनी परीक्षा आहे. जर्मनीत १९६२ साली निघालेली. कागदावर डी आणि पी या अक्षरांच्या ओळीच्या ओळी असतात, अक्षरांच्या वर-खाली बारीक रेघा. दोन रेघांचा डी तेवढा खोडत जायचं, पटापट, न चुकता. गेली कित्येक दशकं जगभर ही परीक्षा घेतली जाते. व्हिएन्ना विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९० ते २०२१ या काळातले ३२ देशांतले २१ हजारांवर लोकांचे निकाल एकत्र केले आणि २०२४ मध्ये छापले. मोठ्या माणसांचं लक्ष घटलेलं नव्हतं. थोडं वाढलंच होतं. मुलांचं मात्र वेगळं निघालं. मुलं पूर्वीपेक्षा भराभर खोडत होती आणि चुकाही जास्त करत होती.

हे शेवटचं वाक्य वाचलं आणि माझा वर्ग डोळ्यांसमोर आला. सातवीच्या वह्या तपासताना गेली काही वर्षं मला हेच दिसतंय. गणित लवकर होतं, हातचा विसरलेला असतो. प्रश्न अर्धा वाचून उत्तर लिहिलेलं असतं. मी इतके दिवस त्याला 'लक्ष नाही' म्हणत होतो. लक्ष होतं. ते पुढे पळत होतं.

माझे बाबा बावीस हंगाम प्रॉम्प्टर होते. झाडीपट्टीत प्रॉम्प्टरशिवाय नाटक उभं राहत नाही. रोज नवं गाव आणि कधी कधी रोज नवं नाटक, तालमी बेताच्या. विंगेत एक लहानसा बल्ब, मांडीवर वही, आणि नटाच्या तोंडून वाक्य निघायच्या अर्धा श्वास आधी ते त्याच्या कानात पडलं पाहिजे. आधी पडलं तर नट अडखळतो, उशिरा पडलं तर नाटक पडतं. सहा-सात तास. बाबा त्या वेळात पाणीही प्यायचे नाहीत. सकाळी घरी यायचे आणि दुपारपर्यंत त्यांना हाक मारलेली कळायची नाही. झोपेत नाही, जागेपणीच. आई भाकर पुढे ठेवून दोनदा बोलायची, ते भाकरीकडे पाहत राहायचे. लक्ष हा कष्टाचा भाग आहे, धान बांधण्यासारखा, आणि ते केल्यावर माणूस रिता होतो, हे मी तेव्हा पाहिलं. संध्याकाळी ते पुन्हा भरलेले असायचे आणि सायकल काढायचे.

एकदा मी त्यांच्यासोबत गेलो होतो, नववी-दहावीत असेन. विंगेतून प्रेक्षक पहिल्यांदाच दिसले. कितीतरी लोक झोपलेले. मला फार वाईट वाटलं. येताना मी बाबांना म्हटलं, लोक तिकीट काढून झोपतात, तुम्हाला राग नाही येत?

ते म्हणाले, "कायले राग? दिवसभर धान कापून आले ते. झोपनारच. जागा आहे त्याच्यासाठी तर कोनीबी लिहिते. झोपून उठला त्याच्यासाठी लिहिता आलं पायजे."

हे वाक्य माझ्यासोबत पस्तीस वर्षं आहे आणि त्याचा पुरता अर्थ मला या वर्षी, लोक मोजताना लागला.

आमच्या नाटकांना शहरातले जाणकार नावं ठेवतात, की फार पुनरुक्ती आहे. प्रत्येक अंकाच्या सुरुवातीला घरातला गडी आणि मोलकरीण येतात, हसवतात आणि हसवता हसवता आतापर्यंत झालं काय ते सांगून जातात. थोरल्यानं जमीन गहाण टाकली, धाकट्याला ठाऊक नाही, आईनं ऐकलं पण बोलली नाही. खलनायक येतो तेव्हा ऑर्गनवर दर वेळी तेच चार सूर वाजतात. का? तर कनातीबाहेर चहा पिणाऱ्याच्या कानावर ते पडावेत आणि त्यानं कप ठेवून पळत यावं. पद, विनोद, रडारड, नाच, पुन्हा पद. ही लोकांना गुंतवून ठेवायची युक्ती असेल असं मला वाटायचं. आता वाटतं, हे दार आहे आणि ते सात तास उघडं ठेवलेलं आहे. तुम्ही जा, झोपा, पोराला बाहेर नेऊन आणा. याल तेव्हा आत घेऊ.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० मध्येच लिहून ठेवलं आहे की माणूस ठरवून लक्ष धरू लागला तर ते एका दमात काही सेकंदांपलीकडे राहतच नाही. आपल्याला जे सलग वाटतं ते खरं तर पुन्हा पुन्हा परत आणलेलं असतं. म्हणजे आठ सेकंदांचा गवगवा ज्यांनी केला त्यांना कदाचित हे ठाऊक नसावं की तेव्हाही, फोन नव्हता, वीज घराघरांत नव्हती, तेव्हाही लक्ष सेकंदांचंच होतं. आणि आपल्याकडे तर त्याही आधी, १२९० मध्ये, ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय सुरू होतो तो श्रोत्यांकडे अवधान मागून. एवढं एक द्या, मग सगळ्या सुखाला पात्र व्हाल, असं ज्ञानदेव सांगतात. ज्यांच्या शब्दाला अमृताची पैज आहे त्यांनाही मागावं लागलं. समोर बसलेल्यांचं मन तेव्हाही भटकत असणार.

माणसाचं मन जातंच. परतीची वाट कोण राखतं, हा मला प्रश्न वाटतो.

फोनबद्दल माझा राग आहे तो इथे. तो लक्ष पळवतो म्हणून नाही. बाजूच्या बाईचं लग्नाचं बोलणंही पळवतं. पण तिचं बोलणं संपलं की तुम्ही पुन्हा नाटकात येता. बोटानं पडदा वर सरकवला की जे गेलं ते गेलं, त्याच्या जागी दुसरं येतं, मग तिसरं. परत यायला तिथे काही उरतच नाही. भारतात टिकटॉक २०२० च्या जूनमध्ये बंद झालं. जुलैत इन्स्टाग्रामचे रील्स आले, सप्टेंबरमध्ये यूट्यूबचे शॉर्ट्स. त्याच दिवसांत आमच्या शाळा कुलूपबंद होत्या आणि अभ्यासासाठी म्हणून घराघरांत फोन घेतले जात होते. कुणी धान विकून, कुणी बकरी विकून. आम्हीच सांगितलं होतं घ्या म्हणून. त्यामुळे आज त्याच फोनवरून पालकांना बोल लावताना माझी जीभ अडते.

सातवीतल्या एका मुलीनं मला मागच्या वर्षी सांगितलं, "सर, फोन ठेवून दिला तरी हातातच आहे असं वाटते." तिला काय उत्तर द्यावं ते मला तेव्हा सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही.

माझं स्वतःचं सांगायचं तर माझं वाचन तुटलं. जाड कादंबरी उचलायची आणि विसाव्या पानावर ठेवून द्यायची, असं तीन-चार वर्षं चाललं. मी फोनला दोष दिला, वयाला दिला, चष्म्याला दिला. मग एक दिवस नागपूरला एसटीनं जाताना भिवापूरजवळ वाळत घातलेल्या मिरचीचा ठसका नाकात गेला आणि मला माझी गाडी आठवली. नागपूर-नागभीड नॅरोगेज. शंभरेक किलोमीटरला ती चार तासांच्या वर घ्यायची. उमरेड, भिवापूर, मधली लहान लहान स्टेशनं, शेतातून हात दाखवणारी पोरं. महिन्यातून दोन-तीनदा मी त्या गाडीनं जायचो आणि जाता-येता एक पुस्तक व्हायचं. डब्यात दुसरं करायला काही नसायचं, फोनला रेंज नसायची, लोक ओळखीचे होते आणि 'गुरुजी वाचून राहिले' म्हणून बोलायचे नाहीत. ही गाडी २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद झाली. माझं वाचन बंद झालं ते त्यानंतरच. रील्स आले ते नंतर, पुढच्या पावसाळ्यात.

म्हणजे जे मला माझ्या डोक्यातलं वाटत होतं ते त्या डब्यातलं होतं. चार तास, लाकडी बाक, न बोलणारे शेजारी. ते गेलं आणि मी म्हणत बसलो की माझी ताकद गेली.

हे कळल्यापासून मी आजूबाजूला लोकांच्या ताकदीऐवजी त्यांची बैठक बघायला लागलो. आमच्याकडच्या बाया गजानन विजयाचे एकवीसही अध्याय एका बैठकीत वाचतात. त्यात पाचवी शिकलेल्या आहेत, चष्म्याचा नंबर वाढलेल्या आहेत. एकट्या घरी बसल्या तर दोन अध्यायांत उठतील, असं त्याच सांगतात. मंदिरात चाळीस जणी ओळीनं बसल्या की उठवत नाही. गुरुकुंज मोझरीला राष्ट्रसंतांच्या पुण्यतिथीला मी दोनदा गेलो आहे. तुकडोजी महाराज गेले ती वेळ, दुपारी ४ वाजून ५८ मिनिटं. त्या क्षणी लाखो माणसं जागच्या जागी उभी राहतात. तेवढ्या गर्दीत पोर रडल्याचा आवाज लांबून येतो आणि बाकी काही नाही. त्या मैदानात मला फोन काढावासा वाटला नाही. काढू नये असं ठरवलं होतं म्हणून नव्हे. आठवणच झाली नाही.

आणि जागल, म्हणजे रात्रीची शेतराखण. लक्षाबद्दल बोलणाऱ्यांनी एकदा धान लोंबीवर आल्यावर आमच्या भागात यावं आणि एक रात्र मचाणावर काढावी. रानडुकरांचा कळप एका रात्रीत बांधीच्या बांधी झोपवतो. आणि डुकराच्या मागावर वाघ. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, नागभीड या तालुक्यांत हे सांगायची गरज नाही. वाघानं माणूस नेलेलं एखादं तरी घर गावोगाव आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रडारसमोर बसणारे ब्रिटिश सैनिक थोड्या वेळानं पडद्यावरची खूण बघेनासे होतात, असं लक्षात आलं होतं. नॉर्मन मॅकवर्थ या शास्त्रज्ञानं त्याचा प्रयोग करून १९४८ मध्ये मांडलं की अर्ध्या तासातच पहारा ढिला पडायला लागतो. आमच्या जागलकरांना हे कुणी सांगितलं नव्हतं, पण ते त्यांना ठाऊक होतं. म्हणून जागलीला एकटं जायचं नाही. एकानं निजायचं, एकानं बसायचं. मधून मधून पिंपा बडवायचा. आणि या शेतातून त्या शेतात हाक घालायची, "जागा आहेस का गा?" तिकडून "हो"चा आवाज आला की तो पुढच्या शेताला विचारतो. सगळ्या शिवारात ती हाक रात्रभर फिरत असते.

मागच्या आश्विनात मी शेजाऱ्याच्या पोरासोबत गेलो होतो. बारावी नापास, गावात उनाड म्हणून प्रसिद्ध, माझाच विद्यार्थी. माझ्या तासाला तो कधी पाच मिनिटं स्थिर बसला नाही. मचाणावर तो आवाज बंद करून रील्स बघत होता. माझ्या मनात आलंच, की बघा. तेवढ्यात त्यानं मान वर केली आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मला काहीही ऐकू आलं नव्हतं. तो कुजबुजला, "सर, बांधाच्या अंगानं. तीन आहेत. एक लहान." टॉर्च मारला तर तीन होती. एक लहान.

त्याच्या दहावीच्या प्रगतिपुस्तकावर 'लक्ष कमी' असा शेरा आहे. अक्षर माझं आहे.

माझ्या भाच्याच्या ऑफिसात काय, वर्तमानपत्रांत काय, पाठ्यपुस्तकं करणाऱ्यांत काय, सगळीकडे हल्ली एकच ऐकू येतं की लोकांना आता मोठं नको. मला यात धोका दिसतो. मुलांना लक्षच नाही असं एकदा ठरवलं की त्यांच्यापुढे मोठं काही ठेवायची जबाबदारी आपोआप सुटते. धडा लहान करा, उत्तर एका ओळीचं करा, गोष्ट चित्रात आटपा. मग दहा वर्षांनी म्हणायचं, बघा, यांना मोठं झेपतच नाही.

म्हणून गेल्या जूनपासून मी शनिवारच्या सकाळच्या शाळेत एक लांबच लांब गोष्ट वाचायला घेतली आहे. दर शनिवारी तासभर, वर्षभर पुरेल अशी. पहिले तीन शनिवार वाईट गेले. चौथ्या शनिवारी निम्मा वर्ग नव्हता, रोवण्याचे दिवस होते, पोरं पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, काढायला गेली होती. पाचव्या शनिवारी ती आली आणि त्यांना गोष्ट कळेना. मी मागचं वाचून दाखवणार होतो, पण त्याआधीच हजर असलेली पोरं त्यांना सांगायला लागली. एकमेकांचं चुकलेलं दुरुस्त करत, भांडत, "नाही ना, घोडा आधीच मेल्ता!" त्या दिवशी मी एक ओळही वाचली नाही. आता तोच नेम झाला आहे. आधी पंधरा मिनिटं, जे नव्हते त्यांच्यासाठी. ज्याला सांगायचं असतं तो आधीच्या शनिवारी कान टवकारून ऐकतो, हे मला नंतर दिसलं. सगळं साधलं असं नाही. दोन मुलं अजूनही खिडकीबाहेर बघत असतात. पण घोडा मेला तेव्हा त्यांतला एक रडला.

तर, ते नाटक. साडेतीनच्या सुमाराला तिसरा अंक सुरू झाला. मधे नाच झाला तेव्हा सगळे फोन वर गेले होते, त्या उजेडात अख्खं मैदान निळसर दिसलं. नाच संपल्यावर तरुण पोरांचा एक घोळका उठून गेला, परत आला नाही. पूर्वीही जायचे, इतके जात नसत. कंपन्या नाच वाढवतात आणि पदं कमी करतात, हेही मी वर्षांवर्षं पाहतो आहे. पूर्वी एका नाटकात ऐकलेली पदं आता निम्म्यावर आली आहेत. ज्या रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे २०२३ मध्ये पद्मश्री झाले, तिच्यातली पदं गळून जावीत याचं मला फार दुःख आहे.

मग आईचा प्रवेश आला. थोरला तुरुंगातून सुटून येतो आणि आई त्याला ओळखत नाही, तो. ऑर्गन थांबला. मला काहीतरी वेगळं जाणवलं म्हणून मी मान वळवली. लोक एकमेकांना उठवत होते. बाईनं नवऱ्याच्या तोंडावरचा दुपट्टा ओढला. आजीनं नातवाचा पाय हलवला. चहावाल्याकडून माणसं वाकून, दुसऱ्यांच्या अंगावरून, आपापल्या चपलांपाशी येत होती. कुणी सांगितलं नव्हतं. मी पुन्हा मोजलं. ६२ च्या जागी आता ५४ होते आणि त्यातले चार झोपलेले. फोन एकही नाही.

झोपलेल्या चौघांत माझा भाचा होता. पहिल्या अंकात त्यानं दोनदा फोन पाहिला, दुसऱ्यात एकदाही नाही, मग दीडच्या सुमारास तणसावर आडवा झाला. दिवाळीच्या आधी तो पंधरा दिवस रात्री दोनपर्यंत काम करत होता, असं बहीण सांगत होती. माझ्यानं त्याला उठववलं नाही.

शेजारी कोथुळण्याची एक म्हातारी बसली होती, तिची आमची ओळख नाही. अंगावर घोंगडी, पुढे चुरमुऱ्यांचा पुडा. तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि त्याच्या दंडाला धरून हलवलं.

"ऊठ ना बापू. माय ओळखून नाही राहिली त्याले."

तो धडपडून उठला. डोळे चोळत स्टेजकडे बघायला लागला. कळेना त्याला.

"आजी, हा कोण? हा तर वारला होता ना?"

"नाही वारला. आयक." तिनं चुरमुरे त्याच्या पुढे सरकवले आणि स्टेजवरची नजर न काढता हळू आवाजात सुरू केलं, "तो जमीन गहान टाकून गेल्ता का नाही, ते याच्यासाठीच, धाकट्यासाठी…"